ड्रुअरीची भट्टी नदी ओलांडते

हॅमिश ड्रुअरीने आपली भट्टी, पोटात लोखंड लाल असतानाच, गोठलेल्या नदीवरून अमेरिकेत ओढून नेली, असं मी सांगितलं की लोक एकमेकांना कोपरं मारतात. मारा. मी वाइनो केत्तुला, पॉइंट क्लेमेंटमधला सगळ्यात मोठा थापाड्या, हे मला मान्य आहे. पण त्या दिवशी नदीतून उकडून वर आलेल्या पर्च माशांपैकी सहा मी स्वतः लोणी लावून खाल्ले आहेत, आणि पोटात गेलेली गोष्ट माणूस विसरत नाही.

नदीच्या अलीकडे कॅनडा, तिथे आम्ही. पलीकडे अमेरिका, तिथे बार्लो. मधोमध सरहद्द. बार्लोचे लोक आम्हाला आवडत नाहीत. त्यांनाही आम्ही आवडत नाही. त्यात लपवाछपवी नाही. आमच्या हॉकीच्या मैदानावर पाहुण्या संघाच्या खोलीत गरम पाणी येत नाही, आणि ते कधीच दुरुस्त होणार नाही.

ड्रुअरीची फौंड्री आमच्या काठावर. मोठ्या व्हॉल्व्हचे सांगाडे तिथे ओतले जायचे. एकशे चाळीस माणसं. मी एकतीस वर्षं तिथे वाळूचे साचे केले, आणि माझ्या वरची फोरमन होती आगाथ तिबोदो. बाई बुटकी, आवाज भोंग्यासारखा. ड्रुअरीला जगात तीन गोष्टींची चीड होती: धुरावरचा कर, गार पाण्याचं तळं, आणि आगाथ.

तळ्याचं सांगतो. आमच्या प्रांताचा कायदा असा की कारखान्यातून निघालेलं गरम पाणी तसंच नदीत सोडायचं नाही. आधी तळ्यात निववायचं. ड्रुअरीने ते तळं शिव्या देत देत खणलं. पहिल्याच हिवाळ्यात तिथे बदकं राहायला आली. कोमट पाण्यात बसून ती इतकी लठ्ठ झाली की वसंतात उत्तरेकडे पायी निघाली. ड्रुअरी त्यांच्याकडे बघून म्हणायचा, "ही बघा, माझ्या पैशावर पोसलेली सरकारी बदकं."

त्या डिसेंबरात एक मोठं कंत्राट आमच्या हातून निसटलं. दक्षिणेकडच्या कुणाला तरी तेलाच्या नळासाठी व्हॉल्व्ह हवे होते, आणि जिथे धुरावर कर नाही अशा एका फौंड्रीने आमच्यापेक्षा कमी भाव लावला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ड्रुअरी शॉपमध्ये, म्हणजे आमच्या साच्यांच्या खात्यात, आला आणि वाळूच्या ढिगावर उभा राहिला.

"फेब्रुवारीत मी बार्लोला चाललो," तो म्हणाला. "भट्टीसकट. धुराचे पैसे मोजून मला भाव लावता येत नाही. तुम्हाला वाईट वाटून घ्यायचं असेल तर तुमच्या आमदारापाशी जाऊन रडा."

"आणि आम्ही?" कुणीतरी विचारलं.

"तुम्हाला बार्लोत कामाचा परवाना मिळाला तर या की. मी कुठे अडवतोय?"

आगाथने हातातलं सँडविच खाली ठेवलं. "साहेब, सहा वर्षं सांगतेय, विजेची भट्टी घ्या. धबधब्याची वीज दारात आहे. धूर नाही म्हणजे कर नाही. अर्धा खर्च प्रांत देतो."

"सरकारचा पैसा घेतला की सरकार माझ्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसतं."

"मग बसू दे. तुमच्याबरोबर जेवायला दुसरं आहे तरी कोण?"

शॉप हसलं. ड्रुअरी नाही हसला. तो विधुर होता, आणि हे आगाथला ठाऊक होतं. मी म्हटलं होतं ना, लपवाछपवी नाही.

त्याला तिकडे ओढणारा माणूस म्हणजे बर्ट ओस्टवाल्ड. बार्लोत नवे कारखाने आणणं हा त्याचा धंदा. कातडी कोट, आणि हात मिळवला की सोडायचा नाही. नव्या कारखान्यांना त्यांच्याकडे दहा वर्षं सगळी सूट होती: धूर, पाणी, राख, कुणी विचारणारच नाही. त्या सवलतीवर आदल्या वर्षी तिथे पत्र्याला जस्त चढवायचा एक कारखाना आला होता. त्याच्याच शेजारी ओस्टवाल्डने ड्रुअरीसाठी शेड बांधून ठेवली. "आमच्याकडे धुराला बाप नसतो," असं तो आमच्याच हॉटेलात बसून, आमचीच वाटाण्याची आमटी ओरपत म्हणाला.

राहता राहिला प्रश्न भट्टी न्यायची कशी. पूल नदीच्या वरच्या अंगाला साठ किलोमीटर. पुलावरचे जकातवाले म्हणाले, भट्टी थंड हवी, रिकामी हवी, आणि पाच कागद हवेत. पण आमची भट्टी म्हातारी होती. थंड केली की आतलं विटांचं अस्तर तडकणार, आणि नवं अस्तर लावायला सहा आठवडे जाणार. ओस्टवाल्डने तर मार्चचं काम घेऊनही ठेवलं होतं. ड्रुअरीने दोन दिवस विचार केला आणि ठरवलं, भट्टी गरम न्यायची, नदीवरून.

आता नदीवर रस्ता कसा होतो ते ऐका. नाताळ संपला की आमच्या गावात झाड कुणी टाकून देत नाही. सहा जानेवारीचा तीन राजांचा सण झाल्यावर पहिल्या शनिवारी सगळे आपापलं झाड ओढत काठावर आणतात. पुढे मी, हातात पहार आणि गिरमिट. पहार आपटत जायचं, बर्फाचा आवाज ऐकायचा, गिरमिटाने भोक पाडून जाडी मोजायची. चांगला लागला की मागची माणसं त्या भोकात झाड रोवतात, वर पाणी ओततात, आणि दहा मिनिटांत झाड पोलिसासारखं ताठ उभं. झाडांच्या रांगेतून गेलात तर मरणार नाही. ही रांग कधीच सरळ नसते. बर्फ जिथे चांगला तिथून ती जाते, म्हणून वर बेटापर्यंत चढते आणि मग खाली वळते. सरहद्दीपर्यंत आमची झाडं, तिथून पुढे बार्लोची.

त्या वर्षी बार्लोवाल्यांनी एकही झाड रोवलं नाही. आमची रांग सरहद्दीला येऊन थांबली होती.

ड्रुअरीने मला ऑफिसात बोलावलं. "थापाड्या, बर्फ किती?"

"आपल्या बाजूला सव्वीस इंच. सरहद्दीपर्यंत. माझ्या जन्मात इतका जाड पाहिला नाही."

"आणि तिकडे?"

"चार. जस्तवाल्यांच्या समोर तेवढाही नसेल."

"मोजलास?"

"तिकडे भोक पाडायचा परवाना माझ्याकडे नाही. पण बार्लोवाले यंदा मासे धरायला आपल्या बाजूला येतात. चोरून, बर्फावर मांडलेल्या खोपटांवर परवान्याचा नंबर न टाकता. आपल्या तोंडाकडे बघत दिवसभर बसायला त्यांना काय हौस आहे? त्या कारखान्याचं गरम पाणी सरळ नदीत जातंय, साहेब. त्यांच्याकडे तळं नाही."

ड्रुअरी खुर्चीत मागे रेलला. "गेल्या वर्षी तू सांगितलंस की एक पाईक मासा तुझी टोपी घेऊन गेला."

"घेऊन नाही गेला. घालून गेला."

"आणि तुझ्या बापाने हिवाळ्यात शिट्टी वाजवली ती एप्रिलमध्ये वितळल्यावर ऐकू आली."

"ती अर्धीच ऐकू आली. उरलेली—"

"चालता हो."

आयुष्यात मी तीनदा खरं बोललो. पहिल्यांदा लग्नात, ते महागात पडलं. ही दुसरी वेळ. हा माणूस मरेल आणि एकशे चाळीस घरं त्याच्याबरोबर बुडतील, हे दिसत असताना मी पुन्हा गेलो. त्याने दारच उघडलं नाही. तिसऱ्यांदा गेलो तर आत ओस्टवाल्ड बसलेला. तो म्हणाला, "आजोबा, आमच्याकडे सगळंच मोठं असतं. बर्फही." दोघं हसले. त्या हसण्यानंतर, खरं सांगतो, माझी कळकळ बरीचशी आटली.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सकाळी गाव उठलं तर नदीवरची झाडं गायब. ड्रुअरीने बार्लोहून माणसं आणून आमची सगळी रांग उपटली होती आणि तीच झाडं फौंड्रीच्या फाटकापासून ओस्टवाल्डच्या शेडच्या दारापर्यंत, दोरी लावल्यासारखी सरळ रोवली होती. पलीकडच्या अर्ध्या भागात त्यांनी बर्फ खोदलाही नव्हता. नुसती झाडं उभी करून बुडाशी फावडाभर बर्फ थापला होता.

आमची झाडं! माझ्या झाडावर नातीने बांधलेली लाल फीत तशीच होती आणि ते झाड अमेरिकेत उभं होतं. कुणी म्हणालं ड्रुअरीच्या गाडीच्या काचा फोडू, कुणी म्हणालं ड्रुअरीला फोडू. आगाथ म्हणाली, "काही फोडायचं नाही. उद्या सगळे काठावर या. आणि वाइनो, तू तुझा लांब दोर आण."

गुरुवार. उणे चोवीस. भट्टी रेल्वेच्या लाकडी स्लीपरांच्या घसरगाडीवर चढवली होती. खाली दोन फूट वाळू, वाळूखाली पत्रा. पलीकडच्या काठावर ओस्टवाल्डचं तार ओढणारं विंच, तिथून पोलादी तार थेट घसरगाडीपर्यंत. आमच्यातला एकही माणूस हात लावायला तयार नव्हता. ड्रुअरी एकटाच घसरगाडीच्या मागच्या फळीवर उभा राहिला, डोक्यावर बीव्हरच्या केसाळ कातड्याची टोपी. विंच फिरलं, तार ताणली, आणि आमची फौंड्री आमच्या डोळ्यांदेखत निघाली.

एकशे चाळीस माणसं उभी होती. म्हातारा डच योप, जो त्या भट्टीपाशी चाळीस वर्षं उभा राहिला होता, त्याने टोपी काढली आणि मग चिडून परत घातली.

भट्टी जाईल तिथे उन्हाळा. वाटेतल्या खोपटांमधून मासे धरणारे शर्टाच्या बाह्या सरसावून बाहेर आले. एका झाडाला पालवी फुटली असं योप म्हणतो, पण योपवर विश्वास ठेवू नका. बर्फाखाली तिच्या उबेला नदीतले सगळे मासे गोळा झाले, आणि बर्फातून त्यांची काळी सावली भट्टीमागोमाग वरातीसारखी सरकताना मी पाहिली. आमच्या सव्वीस इंचांनी कुरकूर केली नाही. ज्या कायद्याला ड्रुअरी शिव्या घालत आला, त्याच कायद्याच्या बर्फावरून तो डौलात चालला होता.

मी शेजारून चालत होतो. आमच्या मागे दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून आगाथ, आणि तिच्या मागे वीसेक जण. सरहद्दीच्या खांबापाशी मी थांबलो आणि आयुष्यातलं तिसरं खरं बोललो.

"ड्रुअरी, उतर. भट्टी जाते तर जाऊ दे, तू उतर."

"काय झालं? तुझा पाईक आला का, टोपी परत करायला?"

आणि तो पुढे गेला. मी पावलं मोजली. साठ.

बर्फ मोडताना ओरडतो असं लोकांना वाटतं. ओरडत नाही. थकलेली बाई खुर्चीत बसताना करते तसा आवाज करतो. घसरगाडीचं नाक खाली गेलं, भट्टी एकदा मागे वळून बघितल्यासारखी कलली, आणि गेली. मग जे झालं ते! नदी उकळली. वाफेचा असा खांब उठला की बार्लोच्या चर्चमधल्या रंगीत काचांवरचे संत घामेजले. मासे आभाळात गेले आणि शिजून खाली आले, दोन्ही देशांत, जकात न भरता.

वाफ जराशी विरली तेव्हा ड्रुअरी दिसला. एका स्वयंपाकघराएवढ्या बर्फाच्या तुकड्यावर हातापायांवर बसलेला. टोपी गेली होती. तुकडा पाण्यातून आमच्या जाड बर्फाच्या कडेकडेने खाली वाहत होता. आमच्यापासून वीस हातांवर. खाली वळणापलीकडे नुसतं सरोवर.

त्याने आधी पलीकडे हाक मारली. "बर्ट! होडी!"

ओस्टवाल्ड विंचापाशी उभा होता. त्याने तार सोडवली. मग दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "ड्रुअरी, तुमची भट्टी आमच्या पाण्यात पडलीय! काढायचा खर्च कोण देणार?"

"तुम्ही म्हणालात सगळी सूट आहे!"

"ती चालू कारखान्यांना!" आणि तो जेवायला गेला. खोटं नाही. मी त्याला घड्याळ बघताना पाहिलं.

मग ड्रुअरी आमच्याकडे वळला. आगाथ कडेकडेने तुकड्याबरोबर चालत होती, दोर हातात, फेकायच्या घाईत नाही.

"दोर!" तो म्हणाला.

"विजेची भट्टी," आगाथ म्हणाली.

"बाई, मी गारठून मरतोय!"

"एकशे चाळीस माणसं घेऊन. आहे त्याच जागी. बोल."

"हा शुद्ध दरोडा आहे! असा घेतलेला शब्द कुठल्याही कोर्टात टिकत नाही!"

"मग सरोवरात जाऊन कोर्ट शोध."

मी म्हटलं, "आगाथ, फेक आता." ती म्हणाली, "तू गप." तुकड्याचा एक कोपरा तुटून पडला. ड्रुअरी सरकला, पण तोंड मिटलेलंच. तुम्ही या माणसाला ओळखत नाही. तो मेला असता. आमच्यावरच्या रागापायी, प्रांतावरच्या रागापायी, बदकांवरच्या रागापायी तो हसत सरोवरात गेला असता, आणि आमची फौंड्री कायमची गेली असती. आगाथच्या कपाळावर घाम मी त्या थंडीत पाहिला. बाई घाबरली होती.

तिने कोटाच्या खिशातून पत्र काढलं.

"सकाळी आलंय. स्वीडनहून. मी आपला भाव कळवला होता, त्याचं उत्तर. त्यांना धरणाच्या कामासाठी व्हॉल्व्ह हवेत. लिहितात, त्यांच्या बंदरात आता प्रत्येक नगामागे किती धूर झाला ते दाखवावं लागतं. कोळशाच्या भट्टीचा माल असेल तर वर जकात, आणि ती इतकी की बार्लोने फुकट दिला तरी परवडणार नाही. विजेच्या भट्टीचा असेल तर आपला भाव त्यांना मान्य आहे. आहे तसा."

तुकडा वाहत होता. ड्रुअरी हातापायांवरून गुडघ्यांवर आला.

"किती?" तो ओरडला.

"काय किती?"

"नग किती, बाई, नग!"

"बारा हजार."

तो उभा राहिला. शपथेवर सांगतो, वाहत्या बर्फावर, ओल्या पँटीत, ओठ निळे, आणि तो सरळ उभा राहिला. "किती वर्षांत?"

"चार."

"तीनमध्ये देतो म्हणून कळव. पण तुझ्या बदकांना एक दाणाही मिळणार नाही."

"बदकं राहतील."

"ठीक आहे! राहू देत! फेक, हडळे!"

तिने फेकला. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा त्याच्या तोंडावर बसला, आणि तो चुकून बसला की मुद्दाम, यावर गावात अजून दोन मतं आहेत. वीस जणांनी ओढलं. सीलमासा ओढावा तसा तो पोटावर घसरत सव्वीस इंचांच्या बर्फावर आला आणि माझ्या पायापाशी थांबला.

दात वाजत होते. "चार इंच म्हणाला होतास?"

"साडेतीन निघाला."

"तरीच," तो म्हणाला. "खोटारडा तो खोटारडाच."

योपने त्याला आपला कोट दिला. धन्यवाद वगैरे काही नाही. काठावर आल्याबरोबर त्याने पहिलं काय विचारलं असेल तर हे, की कामाच्या वेळेत इतकी माणसं नदीवर काय करत होती.

ऑक्टोबरात विजेची भट्टी आली. ती गुणगुणते, ते मला कधी आवडलं नाही. स्वीडनचा माल तीन वर्षांत नाही गेला, साडेतीन लागली. प्रांताच्या मंत्र्याने ड्रुअरीला दूरदृष्टीबद्दल पदक दिलं, तेव्हाच्या फोटोत त्याचा चेहरा कुणी दात उपटत असल्यासारखा आला आहे. पदक त्याने तळ्यात फेकलं. एका बदकाने ते गिळलं आणि तेव्हापासून ते बदक इतरांशी बोलत नाही.

जुनी भट्टी अजून नदीच्या तळाशी आहे, त्यांच्या बाजूला. तिच्यात थोडी धग उरली आहे असं मी म्हणतो. त्यामुळे म्हणा की त्या जस्ताच्या पाण्यामुळे, बार्लोचा बर्फ आजही मासे धरायच्या लायकीचा होत नाही. ते येतात आमच्या बाजूला. आम्ही एकेकाचा परवाना बघतो, खोपटावरचा नंबर बघतो, मग नंबराचा आकार मापाचा आहे का ते टेपने मोजतो. घाई कुणालाच नसते.

दर जानेवारीत मी पहार घेऊन निघतो, आणि मागे सगळं गाव झाडं ओढत येतं. ड्रुअरी झाड देत नाही. अकरा वर्षं झाली. तो आपलं झाड अंगणात उभं करून जाळतो, रस्त्यावरून सगळ्यांना धूर दिसावा म्हणून. आणि आगाथ दर वर्षी समोरच्या फुटपाथवर उभी राहून, हातमोजा काढून, नगरपालिकेला त्याच्याविरुद्ध तक्रार लिहिते.